सिस्टरबाईंची पाटवडी

आई गेली त्या वर्षीच्या थंडीत मी वडिलांना अमिरातीतल्या अल ऐनला घेऊन आलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये यंत्रांच्या देखभालीचं काम करत होतो आणि हॉस्पिटलच्याच क्वार्टर्समध्ये राहत होतो. व्हिजिट व्हिसा काढला आणि त्यांना घेऊन आलो. एकटे राहतील तर खाणार नाहीत, एवढा एकच विचार त्यामागे होता.

खाण्याची काळजी उगाच नव्हती. माणूस गेलं की मागे राहिलेल्याने त्याच्या नावाने आपल्या आवडीची एखादी वस्तू सोडायची, अशी आमच्याकडे रीत आहे. कुणी वांगं सोडतं, कुणी गूळ सोडतं. तेराव्याचं जेवण झाल्यावर पाहुणे सुपारी कातरत बसले होते, तेव्हा वडील म्हणाले, "मी दूध सोडलं."

आत्या म्हणाली, "दादा, अरे एखादी भाजी सोड. दूध कशाला?"

"भाजी मला कुठे आवडते?" वडील म्हणाले.

हसावं की नाही ते कुणाला कळेना. पण त्यांनी खरंच सोडलं. दूध म्हणजे दुधाचं सगळंच, दही, ताक, लोणी, तूपसुद्धा. हा माणूस आयुष्यभर साय आणि भाकरीवर जगलेला. दुपारी कामावरून जेवायला आले की ताटात सायीची वाटी आहे का, हे आधी पाहायचे. आई ती वाटी आम्हा भावंडांपासून लपवून ठेवायची, हे सांगताना आजही मला हसू येतं. बाजारपेठेत एका औषधांच्या दुकानाच्या कट्ट्यावर वडिलांचं शिलाई मशीन होतं. गावातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश त्यांनीच शिवलेले. त्या मशीनवर त्यांनी मला पदवीपर्यंत शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इंजिनियर म्हणून माझ्या हातात पहिला पगार आला तेव्हा त्यांच्या चष्म्याचा नंबर इतका वाढला होता की सुईत दोरा आई ओवून द्यायची.

अल ऐनला आले तेव्हा शर्टाच्या कॉलरमध्ये त्यांची मान हलत होती. तो शर्ट त्यांनी स्वतःच्या मापाचा शिवलेला होता. मी त्यांना आमच्याच हॉस्पिटलमध्ये दाखवलं. डॉक्टर हैदराबादचे होते, त्यांनी वजन पाहिलं, रक्त तपासलं आणि मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाले, "बीमारी कुछ नहीं है. खाना नहीं खा रहे. हड्डियां कमज़ोर हैं, दूध-दही दीजिए." मी म्हणालो, तेच तर सोडलंय. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मांसमच्छी आमच्या घरात नव्हतीच. डाळी आणि कडधान्यं वडिलांना पचेनाशी झाली होती. सकाळी कोरा चहा आणि दोन टोस्ट, दुपारी चतकोर भाकरी. आई अचानक गेली. वडील मात्र माझ्यासमोर, रोज थोडे थोडे, निघाल्यासारखे दिसत होते.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक आयरिश बाई राहत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, हाडापेराने मोठ्या, मेडिकल वॉर्डच्या सिस्टर. सगळं हॉस्पिटल त्यांना नुसतं सिस्टर म्हणायचं, आम्हीही म्हणायचो. त्यांचे यजमान वारले होते, मुलगे तिकडे मोठे झाले होते. त्या इथे एकट्या. केरळच्या नर्सेसबरोबर इतकी वर्षं काढल्यामुळे त्यांना हिंदीतले अच्छा, पानी, दर्द कहाँ एवढे शब्द येत होते, आणि तिथल्या बाकी सगळ्यांसारखे अरबीतले यल्ला, म्हणजे चला, आणि खलास.

आमच्या दोन्ही क्वार्टर्सच्या मध्ये फरशीचं एक छोटं अंगण होतं. थंडीत सकाळी तिथे छान ऊन यायचं. सिस्टर रात्रपाळी करून आल्या की कपडे बदलून तिथे खुर्ची टाकून बसायच्या आणि झोपण्यापूर्वी नाश्ता करायच्या. नाश्ता ठरलेला. जाडसर ब्राऊन ब्रेड, त्यावर बोटभर लोणी, लोण्यावर चेडर चीजचा जाड तुकडा, कधी सफरचंदाची फोड, कधी कच्च्या कांद्याची चकती. आणि चहाचा मोठा मग.

हे चेडर म्हणजे त्यांच्या घरात आपल्याकडच्या लोणच्यासारखं. सणाचं काही नाही, पण फ्रिजमध्ये नाही असा दिवस नाही. उकडलेला बटाटा कुस्करला की वरून किसून घालायचं. टोमॅटो-कांदा घालून टोस्ट करायचा. संध्याकाळी काही सुचलं नाही तर चहा, बिस्किटं आणि चेडर, झालं जेवण. माझ्या बायकोने एकदा त्यांना विचारलं होतं, तुमच्याकडे चीजचे किती प्रकार. सिस्टर म्हणाल्या, "दोन. पांढरं आणि लाल." त्यांच्या आईकडे लाल आणि सासरी पांढरं, आणि यावरून लग्नाच्या पहिल्या वर्षी भांडण झालं होतं. त्या स्वतः गाईगुरांच्या घरातल्या. घरचं दूध सगळं डेअरीला जायचं आणि चीज मात्र दुकानातून विकत यायचं, हे त्यांना लहानपणी फार विचित्र वाटायचं. इथल्या सुपरमार्केटमध्ये पाच-सहा देशांचं चेडर मिळायचं, तरी त्या सुट्टीवरून येताना दोन मोठे ठोकळे स्वेटरमध्ये गुंडाळून आणायच्या. चीजला कधी कधी प्राण्याच्या पोटातलं विरजण लावतात, म्हणून बायकोने पाकीट वाचून ते शाकाहारी आहे याची खात्री करून घेतली होती, तेव्हापासून मुलीच्या डब्यात आमच्याकडेही ते अधूनमधून असायचं.

वडील आल्यावर आठवडाभर घरात पडून होते. मग बायकोने त्यांना बळेच उन्हात बसवायला सुरुवात केली. "अण्णा, बाहेर बसा जरा. इथे बसून तुम्ही भिंत राखताय का?" तिचं असं बोलणं त्यांना आवडायचं. ते बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आलो तर वडील म्हणाले, "सिस्टरबाईंनी आज पाटवडी दिली."

"काय दिलं?" मी विचारलं.

"पाटवडी. आपल्यासारखीच. फोडणी नाही, कोथिंबीर नाही, पण खारट-आंबट आहे. डाळ आंबवून करत असावेत, पोटाला जड नाही. मी तीन खाल्ल्या."

मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. सिस्टरकडे त्या वेळी लाल चेडर होतं, म्हणजे खरं तर नारिंगी-पिवळं. वयस्कर माणूस, दात कमी, म्हणून त्यांनी त्याचे लहान लहान चौकोन कापून बशीत ठेवून पुढे केले होते. हळदीच्या रंगाचे, कडा सुबक कापलेले, थापून वड्या पाडाव्यात तसे. नाही म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून वडिलांनी एक उचलला होता. एकाचे तीन झाले होते.

जेवण झाल्यावर वडील हात धुवायला गेले तेव्हा बायको हळूच म्हणाली, "अहो, नका सांगू."

"पण त्यांनी सोडलंय."

"त्यांना कुठे माहीत आहे? तीन तुकडे खाल्ले त्यांनी. इथे आल्यापासून आपणहून काही खाल्लंय का? आज दोन पोळ्या जास्त घेतल्या, बघितलंत का?"

मी बघितलं होतं. मी वडिलांना काही सांगितलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी अंगणात त्या दोघांचा नाश्ता सुरू झाला. बायको भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायची, सिस्टर चौकोनांची बशी. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हती. शाळेला सुट्टी असली की माझी सात वर्षांची मुलगी मध्ये बसायची. तिला दोन्ही भाषा कळायच्या, पण उत्तरं इंग्रजीतच द्यायची, त्यामुळे सिस्टरला सगळं समजायचं आणि आजोबांना निम्मं. इतरांप्रमाणे वडिलांना अंकल म्हणायचं सोडून सिस्टरही आजोबा म्हणू लागल्या. "यल्ला, आजोबा," असं अंगणातून ऐकू आलं की वडील चप्पल शोधायचे. एकदा वडिलांनी भाकरीचा तुकडा मोडून, त्यावर चटणी, त्यावर चेडरचा चौकोन आणि बुक्कीने फोडलेला कांदा असं करून सिस्टरना दिलं. सिस्टरने ते खाल्लं, डोळे मिटले आणि मुलीला म्हणाल्या, "आजोबांना सांग, माझ्या नवऱ्याला हे फार आवडलं असतं. तोही कांद्याशिवाय चीज खायचा नाही."

मुलीने भाषांतर केलं, "आजोबा, शी सेज हर हजबंड कांदा खायचा."

"मग शहाणा होता," वडील म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर थोडी तकाकी येऊ लागली होती. कॉलरमधली मान अजून हलत होती, पण संध्याकाळी ते माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत फिरायला येऊ लागले. बायको म्हणायची, "बघा." मी बघत होतो आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटायचं आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटायचं.

शुक्रवारी सकाळी आम्ही गावी फोन करायचो. त्या शुक्रवारी वडील नाश्ता करून आत आले आणि आत्याशी बोलायला बसले. आत्याने विचारलं असावं, कारण वडील म्हणाले, "नाही गं. दुधाचा थेंब नाही. तिच्या नावानं सोडलंय ते सोडलंय. इथे कोण बघतंय म्हणून मोडू काय?" बोलता बोलता त्यांनी हातातला उरलेला चौकोन तोंडात टाकला.

मला ते पाहवलं नाही. लोकांना दाखवायला नाही, तर बहिणीला आणि स्वतःला ते खरं सांगत होते, आणि आम्ही त्यांना खोटं पाडलं होतं. बायकोच्याही ते लक्षात आलं. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

फोन ठेवल्यावर मी त्यांच्यासमोर बसलो. "अण्णा, ती पाटवडी नाही. ते चीज आहे. दुधाचं करतात."

त्यांनी विचारलं, "डाळीचं नाही?"

"नाही. दूध विरजून, त्याचं पाणी काढून, दाबून मुरवत ठेवतात."

"किती महिने?"

"बरेच."

त्यांनी मान डोलावली, जणू प्रश्न तेवढाच होता. मग उठले, बेसिनपाशी गेले आणि चुळा भरू लागले. एक, दुसरी, तिसरी. नळ बंद होण्याचा आवाज आला, परत सुरू झाला. ते मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. बाहेर येऊन फक्त एवढं म्हणाले, "तुम्हाला दोघांना माहीत होतं."

"हो."

"बरं."

दुसऱ्या दिवसापासून ते अंगणात गेले नाहीत. जाऊन नाही म्हणणं त्यांना जमलं नसतं, आणि का ते सांगायला भाषा नव्हती. ऊन पडायचं, सिस्टर बसायच्या, शेजारची खुर्ची रिकामी असायची. पुन्हा कोरा चहा आणि दोन टोस्ट सुरू झालं, त्यातला एक टोस्ट तसाच राहायला लागला. बायकोने एकदा ताट उचलताना मला ऐकू येईल असं म्हटलं, "खरं बोललात ना, आता वाढा." मग लगेच म्हणाली, "मीसुद्धा सांगितलंच असतं हो. माझ्याच्याने ते फोनवरचं ऐकवलं नाही."

सिस्टरने तीन-चार दिवस वाट पाहिली आणि मग माझ्या मुलीला गाठलं. आजोबा आजारी आहेत का, असं विचारलं. मुलीने सगळं सांगून टाकलं. आजी, दूध, पाटवडी, चुळा, सगळं.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. सिस्टर ड्यूटीवर निघालेल्या होत्या, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये. त्या आत आल्या नाहीत. बाहेरच पायपुसण्यावर उभ्या राहिल्या. एवढी धिप्पाड बाई, पण हात समोर बांधून परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखी उभी होती. मी वडिलांना बोलावलं. मुलगीही मागोमाग आली.

सिस्टर वडिलांकडे बघून बोलत होत्या आणि मी सांगत होतो. त्या म्हणाल्या, मला माहीत नव्हतं. ईस्टरच्या आधी आम्हीही काही ना काही सोडतो. माझी आई चहातली साखर सोडायची. मला वाटलं तुम्ही बायकोच्या दुःखाने बारीक झालात, मी खाऊ घालते तर बरं होईल. तुमची तिच्याशी काही बोली होती, ती मी माझ्या हाताने मोडली. मी रोज त्याचे तुकडे करत होते आणि मला छान वाटत होतं. तेच मला आता सहन होत नाही.

सिस्टरचे डोळे भरले होते. वॉर्डात माणसं दगावताना मी त्यांना पाहिलं होतं, तिथे त्या कधी रडलेल्या मला दिसल्या नव्हत्या.

वडील म्हणाले, "आधी आत ये म्हणावं तिला. दारात काय?"

त्या आत येऊन सोफ्याच्या कडेवर बसल्या. वडिलांनी सुनेला विचारलं, "ते आहे का आपल्याकडे? बाईंचं?"

बायको घुटमळली. फ्रिजमध्ये फॉईलमध्ये गुंडाळलेला एक तुकडा होता, मुलीच्या डब्यासाठी सिस्टरनीच दिलेला. तिने तो आणून दिला. वडिलांनी फॉईल उघडून त्याचे हाताने दोन भाग केले. नीट झाले नाहीत, भुगा पडला. मोठा भाग त्यांनी सिस्टरपुढे धरला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला.

"अण्णा," मी म्हणालो.

"गप बस. सांग तिला. माझी बायको कुणाला डोळ्यांत पाणी घेऊन दारातून परत पाठवायची नाही. भांडून आलेल्या बाईलासुद्धा चहा पाजून पाठवायची. आज मी हिला अशी पाठवली असती तर ती मला बोलली असती."

मी सांगितलं. सिस्टरने तो तुकडा हातात धरला, खाल्ला, पदर नसलेल्या बायका पुसतात तसे तळहाताने डोळे पुसले आणि घड्याळाकडे पाहून उठल्या. जाताना मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "अण्णा, मग आता चहात दूध घालू?"

"नाही. दूध सोडलंय ते सोडलेलंच आहे."

"आणि हे?"

"हे बाईंनी दिलेलं. कुणी प्रेमानं हातावर ठेवलं तर ते नाकारायचं, असं मी सोडताना म्हणालो होतो का? तुझ्या आत्येसासूला विचार. ती होती तिथे."

"शिवणकाम कशाला केलंत? वकील व्हायचं होतं," बायको म्हणाली.

"शाळेत घातलं असतं तर झालो असतो," वडील म्हणाले. ते हे अगदी सहज म्हणाले, पण मी तिथून उठून अंगणात गेलो.

नियम तसाच राहिला. आम्ही विकत आणलेल्या चीजला ते हात लावायचे नाहीत. कोरा चहा कोराच राहिला. सिस्टरने बशी पुढे केली तर मात्र खायचे. त्यांचं आयर्लंडचं चेडर संपलं तेव्हा बायको सुपरमार्केटमधून लाल ठोकळा आणायची, तो सिस्टरकडे नेऊन द्यायची, सिस्टर त्याचे चौकोन करायच्या आणि सकाळी अंगणात बशी पुढे करायच्या. वडिलांना हे माहीत होतं की नाही, हे आम्ही विचारलं नाही. एकदा ते एवढंच म्हणाले, "आजची बाईंची पाटवडी जरा वेगळी आहे." पाटवडी म्हणणं मात्र त्यांनी सोडलं नाही.

व्हिसा एकदा वाढवून घेतला. परत जाण्याआधी हैदराबादच्या डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि विचारलं, "दूध शुरू किया?" मी काय सांगणार? म्हणालो, "थोड़ा बहुत."

वडील गावी गेले तेव्हा मला पुन्हा तीच धास्ती होती, की तिथे कोण चौकोन कापून देणार. पहिल्या शुक्रवारी फोन केला तर त्यांच्या सोबतीला येऊन राहिलेल्या आत्याने घेतला. म्हणाली, "अरे, तू त्याला काय शिकवून पाठवलंस? मी घरात दही विरजलं की खात नाही. समोरच्या वहिनीने वाटीत घालून आणून दिलं की मुकाट्याने खातो. विचारलं तर म्हणतो, हातावर ठेवलेलं चालतं. आता गल्लीत सगळ्यांना कळलंय. कालपासून तीन घरांतून वाट्या आल्या."

"तू तुझीही वाटी वहिनींच्या हातून पाठव," मी म्हणालो.

"पाठवते की. मला काय कळत नाही का?" आत्या म्हणाली.

त्यानंतर वडील बरीच वर्षं राहिले. आई ज्यांना दारातून रिकामं पाठवायची नाही, त्या गल्लीतल्या बायकांनी आणि त्यांच्या सुनांनी त्यांना शेवटपर्यंत वाट्या आणून दिल्या. रिकामी वाटी परत देताना वडील त्यात काहीतरी घालायचे, कधी चार शेंगा, कधी त्या घरच्या पोराच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून तो शर्ट. सिस्टरना मी हे सगळं, गावच्या फोनवर ऐकायचो तसं, सांगत असे. पुढे त्याही कायमच्या आयर्लंडला परत गेल्या. पण जाईपर्यंत दर शुक्रवारी अंगणात बसून त्या विचारायच्या, आज कुणाच्या घरून आलं? मी सांगायचो. त्यांना गल्लीतली घरं पाठ झाली होती.